मानेला किती रेप्स? आधी अंगठ्याच्या मुंग्यांचं बघू

"ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे, आडगावला राहतो. पहाटे वडिलांबरोबर पंचवटीच्या मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवतो, तिथून तालमीत जातो. ६५ किलोत खेळतो. वस्ताद रोज शंभर पूल मारायला लावतात, म्हणजे डोकं जमिनीला टेकवून अंगाची कमान करायची आणि भार मानेवर घ्यायचा. संध्याकाळी जिमला जातो, तिथला ट्रेनर म्हणतो की शंभरनं नुसता दम वाढतो, ताकद नाही. डोक्याला बांधायच्या पट्ट्याला, हार्नेसला, जड वजन अडकव आणि पाच-सहाच रेप्स मार, म्हणजे तेवढ्याच वेळा उचल. नाहीतर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, वाढव, मान आपोआप होते, असंही तोच म्हणतो. मोबाइलवर कोणी पंचवीस सांगतं, कोणी पन्नास. मॅटवर समोरचा मानेत हात घालून ओढतो तेव्हा माझं डोकं खाली जातं आणि तिथंच माझे गुण जातात. मानेसाठी नेमक्या किती रेप्स माराव्यात? सकाळी मानेची उजवी बाजू आखडलेली असते. पूल मारल्यावर कधीकधी उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात, पण थोड्या वेळानं जातात.
– आडगावचा पैलवान"

बाळा, तुला अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

तुझा प्रश्न रेप्सचा आहे आणि त्याचं सविस्तर उत्तर मी देणार आहे. पण पत्र वाचताना माझा जीव अडकला तो शेवटच्या वाक्यात. "पण थोड्या वेळानं जातात" असं लिहून तू ती गोष्ट बाजूला सारलीस. ती तशी सारू नकोस.

मानेत सात मणके असतात. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधून जी नस बाहेर पडते ती दंडावरून, हाताच्या बाहेरच्या कडेनं थेट अंगठ्यापर्यंत जाते. मान मागे मोडली की त्या नसेची वाट अरुंद होते. पुलात तू नेमकं हेच करतोस, वर सगळ्या अंगाचा भार देतोस, आणि तेही शंभर वेळा. मणक्यातली गादी सरकली आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. नुसती सूज असू शकते, एखादा आखडलेला स्नायूही असू शकतो. पण हे हात लावून, ताकद तपासून, रिफ्लेक्स बघूनच कळतं. या आठवड्यात सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत जा, किंवा घरच्यांच्या ओळखीतल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. त्यांना मोघम "मान दुखते" सांगू नकोस. मुंग्या कधी येतात, कोणत्या बोटांत, किती मिनिटं राहतात, आणि उजव्या हाताची पकड डाव्यापेक्षा ढिली वाटते का, हे चार मुद्दे कागदावर लिहून ने. दोन्ही हात एकदम बधिर झाले, मान पुढे वाकवताना पाठीतून करंट गेल्यासारखं झालं किंवा चालताना पाय अडखळले, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नकोस, त्याच दिवशी जा.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत पूल बंद, हार्नेस बंद, कुस्तीची लढतही बंद. क्रेट खांद्यावर घेऊ नकोस, पोटाशी धरून घे किंवा दोघांनी मिळून उचला. जोर-बैठकांचंही डॉक्टरांना विचार. बहुतेक ते बैठकांना नाही म्हणणार नाहीत.

हे इतकं ठासून सांगण्याला कारण आहे. माझे वडील पैलवान होते. आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीत गोणपाटाची चौपदरी घडी घालून ते पूल मारायचे. मी शाळेत जायच्या आधी त्यांच्या छातीवर बसून मोजायचे आणि साठ-सत्तरनंतर माझेच आकडे चुकायचे. पन्नाशीनंतर त्यांना सदऱ्याचं वरचं बटण लावता येईना. बोटांना बटण लागतच नाही म्हणायचे. ते पुलामुळेच झालं असं मी म्हणत नाही, तसं ठामपणे सांगता येत नाही. पण मुंग्या त्यांनाही तिशीतच यायच्या आणि तेही "जातात थोड्या वेळानं" म्हणायचे. आई रोज सकाळी त्यांचं बटण लावून द्यायची, ते चित्र माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

आता धरून चालू की डॉक्टरांनी तपासलं, मुंग्या थांबल्या आणि व्यायामाला परवानगी मिळाली. पुढचं सगळं त्यानंतरचं.

किती रेप्स, हे ठरवण्याआधी कुस्तीत मान काय काम करते ते बघ. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. त्या सहा मिनिटांत समोरचा तुझ्या मानेत हात घालतो, डोकं खाली खेचतो, सोडतो, पुन्हा खेचतो. डोकं खाली गेलं की तो बाजूनं मागे जाऊन दोन गुण घेऊन मोकळा. म्हणजे तुझ्या मानेला वजन वर-खाली करायचं नसतं. तिला पाच-सात सेकंद जागेवरून हलायचं नसतं आणि अर्ध्या मिनिटानं पुन्हा तेच करायचं असतं. शंभराची मोजणी यात बसत नाही आणि पाचचीही नाही. तुला ताकद हवी, ती धरून ठेवण्याची हवी, आणि तिला थोडा दम हवा.

तुझ्या ट्रेनरचं अर्धं बरोबर आहे. जड वजन आणि कमी रेप्स यांनी ताकद लवकर वाढते, हे मांडीला, पाठीला, छातीला लागू आहे. मानेला ते तसंच का लावायचं नाही, हे गणितानं सांगते. तू शंभर किलोची डेडलिफ्ट मारतोस आणि अडीच किलो वाढवतोस, तेव्हा भार अडीच टक्क्यांनी वाढतो, अंगाला कळतही नाही. मानेचं बघ. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. आडवं पडून कपाळावर अडीच किलोची प्लेट ठेवलीस की झाले साडेसात. त्यात जिममधली सगळ्यांत लहान, सव्वा किलोची प्लेट घातलीस तरी भार एकदम सहाव्या हिश्शानं वाढला. शंभरच्या डेडलिफ्टवर एका झटक्यात सतरा किलो चढवल्यासारखं झालं ते. पाच-सहा रेप्सच्या वजनावर काम करत असलास तर एवढी उडी पेलायला जागाच उरत नाही. मग हनुवटी पुढे काढून, खांदे वर ओढून, झटका देऊन वजन उचललं जातं आणि तो झटका सांध्यावर जातो.

म्हणून मानेला आकडा नव्हे, पट्टा द्यायचा, आणि तो ऐसपैस द्यायचा. समज, बारा ते वीस. एका वजनावर बारा रेप्स नीट जमल्या की वजन तेच ठेवून तेरा, चौदा, पंधरा असं चढत जायचं. दोन्ही सेटमध्ये, म्हणजे सलग रेप्सच्या दोन्ही फेऱ्यांत, वीस स्वच्छ जमले की सव्वा किलो वाढवायचं आणि पुन्हा बारा-तेरावर यायचं. रेप्स वाढवून वजनाची जागा कमवायची. आठ रेप्सच्या खाली मान हलवत व्यायाम करायचाच नाही, निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

वस्तादांचंही अर्धं बरोबर आहे. शंभर मारणारी मान थकत नाही, हे त्यांनी पाहिलेलं आहे. मातीतल्या जुन्या कुस्त्या घड्याळ न लावता चालायच्या, त्या काळाला तो दम लागायचा. आणि शंभर मारणारे ते पैलवान पोरवयापासून दहा, वीस, तीस करत तिथवर पोचलेले असायचे. पण तीसच्या पुढे रेप्स जातात तेव्हा भार हलका असतो, त्यातून दम वाढतो आणि ताकद फारशी वाढत नाही. शिवाय थकलेली मान सत्तराव्या पुलाला कशी वागते ते मी रोज बघते. कपाळ टेकवून फिरण्याऐवजी टाळूवर भार आपटतो, आणि अंगठ्याकडे जाणाऱ्या त्या नसेची वाट आणखी बंद होते.

रेप्सच्या या वादावर एक चांगला प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. तो पैलवानांवर केलेला नाही, मान दुखणाऱ्या १८० महिलांवर केलेला आहे. फिनलंडमधल्या, ऑफिसात काम करणाऱ्या बायका. निष्कर्ष २००३ साली छापून आले. एका गटानं रबरी पट्टा डोक्याला लावून, आपल्या कमाल ताकदीच्या साधारण ऐंशी टक्के जोरानं, प्रत्येक दिशेला पंधरा रेप्सचा एकच सेट केला. दुसऱ्या गटानं आडवं पडून नुसतं डोकं उचललं, वीस-वीसचे तीन सेट. वर्षानंतर मान पुढे वाकवण्याची ताकद पहिल्या गटात ११० टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात २८. मागे नेण्याची ताकद पहिल्यात ६९ टक्के, दुसऱ्यात १६. दुखणं मात्र दोन्ही गटांचं कमी झालं. म्हणजे साठ हलक्या रेप्सपेक्षा पंधरा कसदार रेप्सनी ताकद कितीतरी जास्त दिली, आणि हलक्या रेप्सही वाया गेल्या नाहीत, त्यांनी वेदना उतरवली. तुझ्या कार्यक्रमात दोन्ही आहेत ते त्यामुळेच.

डेडलिफ्टनं मान आपोआप होते, हे मात्र ट्रेनरला सोडायला सांग. १९९७ साली अमेरिकेत हे तपासून झालं आहे. बारा आठवडे बैठका, डेडलिफ्ट वगैरे करणाऱ्या गटाची मान ना मापात वाढली ना ताकदीत. ज्यांनी त्याच्या जोडीला डोकं मागे नेण्याचा वजनी व्यायाम केला, दहाचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा, त्यांची ती ताकद ३४ टक्क्यांनी वाढली आणि मानेच्या स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी. मानेला मानेचाच व्यायाम लागतो.

आता तुझा कार्यक्रम. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये निदान दोन दिवस मोकळे. कुस्तीचा सराव झाल्यावर करायचा, आधी कधीच नाही. थकलेली मान घेऊन लढतीत उतरायचं नसतं. दंगलीच्या आधीचे तीन दिवस पूर्ण सुट्टी.

पहिले चार आठवडे वजनच नाही. बाकावर उताणा झोप, खांदे कडेशी, डोकं बाहेर. आधी हनुवटी आत घे, "हो" म्हणताना घेतो तितकीच, आणि मग डोकं उचल. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांब, तीन सेकंदांत खाली. पंधरापासून सुरू कर, पंचवीसपर्यंत जा, दोन सेट. मग पालथा झोपून डोकं पाठीच्या रेषेत आणायचं, पंधरा ते वीस. रेषेच्या वर, मागे मोडायचं नाही, तुझ्या बाबतीत तर मुळीच नाही. दोन्ही कुशींवर कान खांद्याकडे नेणं, पंधरा ते वीस.

पाचव्या आठवड्यापासून पंच्याची चौपदरी घडी कपाळावर ठेव आणि तिच्यावर सव्वा किलोची प्लेट, दोन्ही हातांनी धरलेली. पुढच्या बाजूला आणि कुशींवर बारा ते वीसचा पट्टा, दोन सेट, जमलं तर तीन. मागच्या बाजूचे स्नायू मोठे आणि दणकट असतात, तिथं नवव्या आठवड्यानंतर वजन वाढवून आठ ते बारापर्यंत आलास तरी चालेल. पुढच्या बाजूला बाराच्या खाली येऊ नकोस. तिथले आतले स्नायू बारीक असतात, मणक्याला चिकटलेले. जड वजन दिलं की ते गप्प बसतात आणि बाहेरचे मोठे स्नायू काम हिसकावून घेतात.

हे हिसकावणं डोळ्यांनी दिसतं, आणि मला तुला हेच सगळ्यांत जास्त शिकवायचं आहे. मित्राला बाकाशेजारी उकिडवा बसव. त्यानं प्लेटकडे बघायचं नाही, तुझ्या हनुवटीखालच्या कातडीकडे बघायचं. हनुवटी आत असताना तिथं दोन-तीन घड्या पडतात. सात, आठ, नऊ, घड्या जागेवर असतात. अकराव्याला एक घडी सैल पडते. बाराव्याला हनुवटी छताकडे निघते आणि मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरासारखे ताठतात. तुझा सेट अकराव्याला संपला. वहीत अकरा लिही, बारा नाही. मागच्या बाजूला हेच खांद्यांवरून कळतं. खांदे कानाकडे चढले की मोजणी बंद. अंगात अजून दोन-तीन रेप्स शिल्लक असतानाच थांबायचं. छातीला, दंडाला शेवटच्या थेंबापर्यंत पिळलंस तर मी काही म्हणणार नाही, मानेला पिळायचं नाही.

डोकं खाली जातं त्यावर खरा उपाय आहे धरून ठेवण्याचा. यासाठी जोडीदार लागतो आणि एक ओला करून पिळलेला पंचा. पंचा डोक्यामागून घे, दोन्ही टोकं जोडीदाराच्या हातात. कुस्तीच्या पवित्र्यात उभा राहा, गुडघे मोडलेले, नजर समोरच्याच्या छातीवर. त्यानं हळूहळू जोर वाढवत पुढे-खाली ओढायचं, झटका द्यायचा नाही, आणि तू हलायचं नाहीस. सहा ते दहा सेकंद धर, अर्धा मिनिट सोड, असं पाच-सहा वेळा. मग दोन्ही बाजूंनी. इथं रेप्स नाहीत, सेकंद आहेत, आणि पाच रेप्सच्या जड वजनातून जी ताकद ट्रेनरला द्यायची आहे ती इथून मिळते, सांधा न फिरवता. पहिल्या महिन्यात निम्म्या जोरानं, तिसऱ्या महिन्यात ओळखीच्या जोडीदाराबरोबर पाऊण जोरानं. मान वळवायचा व्यायाम वजन लावून करू नकोस, हाताचा तळवा गालाला लावून तितकाच रोध दे, दहा सेकंद, तीनदा.

मार्केट यार्डातलं काम हिशेबात धर. वीस किलोचा क्रेट खांद्यावर घेऊन तू रोज पहाटे किती फेऱ्या मारतोस? मानेपासून खांद्यापर्यंतचा तो मोठा स्नायू तालमीत पोचण्याआधीच दमलेला असतो. सकाळी आखडतं ते त्याचंही असेल. ज्या दिवशी गाड्या जास्त येतात त्या दिवशी मानेचा एक सेट कमी कर आणि वहीत तसं लिही. आणि थंडीत, निफाडचा पारा चार-पाचावर येतो तेव्हा आडगावलाही काही ऊब नसते. गाडीवरून गार वारा खात आलास की दहा मिनिटं अंग गरम केल्याशिवाय मानेला हात लावू नकोस. मफलर वापर, त्यात लाजायचं काही नाही.

पूल कायमचा सोड असं मी म्हणत नाही. चितपट होण्यापासून पूलच वाचवतो, तो यायलाच हवा. पण तो डाव आहे, त्याचा सराव डावासारखा करायचा. तीन महिन्यांनी, मुंग्या पूर्ण गेलेल्या असतील तर, मॅटवर, हात जमिनीला टेकवून निम्मा भार हातांवर घेऊन, दहा सेकंदांचे तीन पूल. नाकापर्यंत लोळणं नाही. एकदाही अंगठा झिणझिणला तर तिथंच सोड आणि पुन्हा डॉक्टरांकडे जा.

दर चार आठवड्यांनी दोन मापं घे. एक, कंठमण्याच्या खाली टेपनं घेर. दुसरं जास्त महत्त्वाचं. उताणा झोपून, हनुवटी आत घेऊन, डोकं दोन बोटं उचलून किती सेकंद धरता येतं ते. घडी सैल पडली की घड्याळ थांबवायचं. पहिल्यांदा पंधरा-वीस सेकंद आले तरी खचू नकोस, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तगड्या पोरांचे तेवढेच येतात. चाळीसपर्यंत गेलास की मानेत हात घालणाऱ्याला फरक कळेल. २०२० साली हर्षवर्धन सदगीरनं नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा आणून दिली, तेव्हापासून लहान-लहान पोरं मान जाड करायची म्हणून माझ्याकडे येतात. त्यांना मी टेप दाखवतच नाही, घड्याळच दाखवते.

राहिला प्रश्न वस्तादांचा. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण ताण त्याचाच आहे हे मला कळतं. ताईनं पूल बंद करायला सांगितला असं जाऊन सांगू नकोस, त्यांना ते लागेल. सकाळी तालमीत कोणी नसताना पाया पड आणि मुंग्यांचं सांग. "वस्ताद, पूल मारला की उजवा अंगठा बधिर होतो, डॉक्टरांना दाखवायला जातोय, तुम्ही बरोबर याल का?" एवढंच बोल. माझ्या अनुभवात असं विचारल्यावर वस्ताद स्वतः गाडी काढतात. परत आल्यावर पंच्याचा व्यायाम त्यांनाच ओढायला दे. तुझं डोकं किती जोराला खाली जातं हे त्यांच्या हाताइतकं नीट दुसऱ्या कोणाला कळणार नाही.